लायगन स्ट्रीटची चॅरिटी राइड: पैसा येतो कुठून, जातो कुठे, आणि इटालियन लोकांचा त्यात काय संबंध

राइडची फी म्हणजे देणगी नव्हे. सुरुवात इथूनच केलेली बरी, कारण चॅरिटी सायकल राइडबद्दलचा सगळा गोंधळ याच एका गोष्टीपाशी होतो. मेलबर्नच्या लायगन स्ट्रीटवर, म्हणजे तिथल्या जुन्या इटालियन वस्तीत, एखाद्या रविवारी सकाळी पाचशे लोक टी-शर्ट घालून सायकली हाणतात, वाटेत कॉफी पितात, शेवटी पास्ता खातात, आणि संध्याकाळी फोटोखाली लिहितात की चांगल्या कामाला हातभार लावला. लावलेलाही असतो. पण तो फीमुळे नाही.

हिशोब मांडून पाहू. आकडे समजावण्यापुरते घेतोय. समजा पाचशे जणांनी प्रत्येकी 70 डॉलर भरून नाव नोंदवलं. जमा झाले 35,000. आता खर्च बघा. सार्वजनिक दायित्वाचा विमा, अँब्युलन्स आणि प्रथमोपचाराची टीम, चौकांवर माणसं उभी करणाऱ्या ट्रॅफिक कंपनीचं बिल, नगरपालिकेच्या परवानग्या, फिरती स्वच्छतागृहं, पाणी, केळी, नंबरपट्ट्या, ऑनलाइन नोंदणी करणाऱ्या वेबसाइटचं कमिशन. यात 30,000 सहज उडतात. एखादा रस्ता दोन तास जरी पूर्ण बंद करायचा म्हटला तर 35,000 पुरणारही नाहीत. म्हणजे फीच्या पैशातून राइड उभी राहते, बस. चॅरिटीच्या वाट्याला त्यातलं फार काही उरत नाही.

मग खरा पैसा येतो कुठून? नाव नोंदवलं की प्रत्येकाला स्वतःचं एक देणगी-पान मिळतं. त्याची लिंक तो ऑफिसात, नातेवाइकांत, शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकतो: मी अमुक इतके किलोमीटर सायकल चालवणार आहे, वर्गणी द्या. ही वर्गणी मात्र थेट संस्थेकडे जाते. इथेही चित्र विषम असतं. पुन्हा समजा, पाचशेपैकी अडीचशे जण लिंक कुणाला पाठवतच नाहीत. दोनशे जण शंभर-शंभर डॉलर गोळा करतात, झाले 20,000. उरलेले पन्नास जण हात धुऊन मागे लागतात आणि हजार-हजार जमवतात, झाले 50,000. एकूण 70,000 पैकी 50,000 फक्त पन्नास लोकांनी आणले. प्रत्येक राइडचे आकडे वेगळे असतील, पण साधारण नमुना हाच. म्हणून आयोजक त्या पन्नासांना वेगळा टी-शर्ट देतात, पहिल्या रांगेत उभं करतात, वरचेवर मेल पाठवतात. त्यात लाडावणं नाही, हिशोब आहे.

मग बाकीचे साडेचारशे कशाला हवेत? त्यांच्याशिवाय प्रायोजक येत नाहीत. एखादी बँक किंवा पास्ता बनवणारी कंपनी पैसे देते ती गर्दी बघून. गर्दी नसेल तर त्या पन्नासांचाही उत्साह मावळतो.

ऑस्ट्रेलियाचा प्राप्तिकर कायदाही हीच रेघ ओढतो. सरकारमान्य यादीतल्या संस्थेला 2 डॉलर किंवा त्याहून जास्त देणगी दिली, तर ती उत्पन्नातून वजा करता येते. फी वजा करता येत नाही, कारण तिच्या बदल्यात तुम्हाला राइड मिळाली, जेवण मिळालं. निधी उभारण्याच्या कार्यक्रमांसाठी एक सवलत आहे, पण त्यात तुम्ही भरलेली रक्कम 150 डॉलरच्या वर असावी लागते आणि बदल्यात मिळालेल्या गोष्टींची किंमत तिच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. 70 डॉलरच्या फीला ती लागूच होत नाही. शंका आली तर संस्थेचं नाव ऑस्ट्रेलियाच्या चॅरिटी आयोगाच्या नोंदवहीत टाकून बघायचं. ही नोंदवही सगळ्यांना खुली आहे आणि बहुतेक संस्थांचे वार्षिक हिशोब तिथे फुकट वाचता येतात. दहा मिनिटांचं काम, पण करतं कोण!

मेलबर्नला ही पद्धत नवी नाही. पोर्ट फिलिप उपसागराला वळसा घालणारी ‘अराउंड द बे’ ही राइड 1993 पासूनची. पूर्ण फेरी दोनशे किलोमीटरच्या वर जाते, मधला तुकडा सायकल घेऊन फेरीबोटीने ओलांडायचा. ‘द स्मिथ फॅमिली’ या संस्थेच्या माध्यमातून गरीब घरातल्या मुलांच्या शिक्षणासाठी या राइडने अनेक वर्षं निधी उभारला. ती मोठी, शहरभराची राइड. आपण बोलतोय ते एका वस्तीच्या, एका समाजाच्या नावाने निघणाऱ्या लहान राइडबद्दल. तिथे पैशाइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा: हा उत्सव नेमका कुणाचा?

सायकल इटालियनांचीच का

शहराच्या मध्यापासून उत्तरेला चालत जाण्याजोग्या अंतरावर कार्लटन, आणि कार्लटनमधून जाणारी लायगन स्ट्रीट. मेलबर्नची ‘छोटी इटली’ ती हीच. लायगन आणि ग्रॅटन या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक जुनी निऑनची पाटी आहे. तिच्यावर सायकलवर वाकलेला एक माणूस. तो नीनो बोर्सारी.

बोर्सारी उत्तर इटलीतल्या मोदेना भागातला. 1932 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये इटलीच्या चौघांनी ट्रॅकवरच्या सांघिक पाठलाग शर्यतीत सुवर्णपदक जिंकलं, त्यातला एक हा. 1934 मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या (मेलबर्न त्याची राजधानी) शताब्दीनिमित्त हजार मैलांची मोठी सायकल शर्यत ठेवली होती, त्यासाठी तो पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात आला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर पुन्हा शर्यतींसाठी आला. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि परतीचा रस्ता बंद झाला. मग त्याने त्या कोपऱ्यावर सायकलचं दुकान टाकलं.

दुकान सायकलचं, पण बोटीतून उतरलेल्या इटालियन माणसाला तिथे ओळखीचं बोलणं ऐकू यायचं, खोली कुठे मिळेल आणि काम कोण देईल हे कळायचं. मेलबर्नमधला इटालियन लोकांचा ज्युव्हेंटस फुटबॉल क्लब उभा करण्यातही बोर्सारीचा हात होता. 1956 चं ऑलिंपिक मेलबर्नला मिळावं म्हणून त्याने इटालियन प्रतिनिधींकडे शब्द टाकला, असंही सांगतात. त्या मतदानात मेलबर्नने ब्यूनोस आयर्सला 21 विरुद्ध 20, म्हणजे एका मताने हरवलं होतं, त्यामुळे शब्द टाकलेल्या प्रत्येकाला श्रेय घ्यायला जागा आहे. दुकान केव्हाच गेलं, कोपऱ्याला मात्र लोक आजही बोर्सारीच्याच नावाने ओळखतात.

म्हणून इटालियन मेलबर्नचा उत्सव सायकलवरून करण्यात ओढूनताणून काही नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीत सायकल हे कामगाराचं वाहन होतं, आणि श्रीमंत व्हायचं तर सायकल शर्यत हा गरीब पोराला दिसणारा थोडक्या रस्त्यांपैकी एक रस्ता. जिरो दितालिया ही शर्यत 1909 मध्ये ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या वर्तमानपत्राने खप वाढवायला सुरू केली. पेपर गुलाबी कागदावर छापला जायचा, म्हणून आघाडीवरच्या स्वाराची जर्सी गुलाबी. (1946 ते 1951 मध्ये शेवटच्या नंबराला काळी जर्सी द्यायचे. ती मिळवायला लोक मुद्दाम मागे रेंगाळायचे, कारण तिच्यासोबतही बक्षीस होतं.) मेलबर्नला आलेल्या इटालियन लोकांत विचेंझाच्या आसपासची बरीच मंडळी होती, आणि सायकलचे सुटे भाग बनवणारी जगप्रसिद्ध कंपन्योलो कंपनी 1933 मध्ये निघाली ती त्याच विचेंझात.

कोण आले, कसे आले

इटालियन मेलबर्न म्हणजे फक्त युद्धानंतरचं, असा समज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच दक्षिण इटलीतल्या विज्जानो या डोंगरी गावचे वादक कार्लटनमध्ये राहत होते आणि वीणेसारखं हार्प आणि व्हायोलिन घेऊन रस्त्यावर वाजवत होते. सिसिलीजवळच्या एओलियन बेटांवरून आलेल्यांनी 1925 मध्ये स्वतःचं मंडळ काढलं. ते प्रामुख्याने फळविक्रेते.

युद्धात हेच लोक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. व्हिक्टोरियातल्या टाटुरासारख्या छावण्यांत अनेकांना डांबलं गेलं. त्याच वेळी उलट दिशेने दुसरे इटालियन येत होते, आणि इथे भारताचा एक फारसा माहीत नसलेला धागा आहे. उत्तर आफ्रिकेत पकडलेले हजारो इटालियन युद्धकैदी ब्रिटिशांनी भारतात आणून ठेवले होते: बंगळूर, भोपाळ, देहराडून, हिमाचलातलं योल. ऑस्ट्रेलियात शेतावर माणसं कमी पडू लागली तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांना तिकडे हलवलं. ऑस्ट्रेलियात एकूण सुमारे 18 हजार इटालियन कैदी आणले गेले. युद्ध संपल्यावर त्यांना मायदेशी पाठवलं, पण काही जण नंतर स्वतःहून परतले, कधी कधी तर ज्या शेतकऱ्याकडे राबले त्याच्याच हमीवर.

मोठी लाट 1951 नंतरची. त्या वर्षी ऑस्ट्रेलिया आणि इटली यांच्यात करार झाला: प्रवासखर्चाला मदत मिळेल, बदल्यात दोन वर्षं सरकार सांगेल तिथे काम करायचं. पोर्ट मेलबर्नच्या स्टेशन पियरवर बोट लागायची, तिथून अनेकांना बोनेगिला इथल्या नव्या स्थलांतरितांच्या छावणीत नेलं जायचं. 1952 मध्ये मंदी आली, काम मिळेना, आणि बोनेगिलातल्या इटालियन लोकांनी उठाव केला. त्यांच्या मागण्यांत काम नसेल तर परत पाठवा हीही होती. सरकारी मदतीने आलेल्यांपेक्षा आधी आलेल्या भावाच्या, मामाच्या बोलावण्यावरून आलेले मात्र जास्त होते. म्हणूनच एका गावचे लोक एकाच गल्लीत सापडायचे. 1971 च्या जनगणनेत इटलीत जन्मलेले सुमारे 2 लाख 89 हजार लोक ऑस्ट्रेलियात होते. हा आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही.

एस्प्रेसो, पिझ्झा वगैरेंची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, ती लांबवत नाही. बर्क स्ट्रीटवरचं पेलेग्रिनीज 1954 चं, लायगन स्ट्रीटवरचं तोतोज पिझ्झा हाउस 1961 चं. आज मेलबर्नची माणसं आपल्या कॉफीबद्दल ज्या तोऱ्यात बोलतात तो तोरा इटालियन मशीनमधून आलेला आहे, एवढं पुरे.

उत्सव कार्लटनमध्ये, माणसं दुसरीकडे

आता अडचणीचा मुद्दा. लायगन स्ट्रीटवर इटालियन पाट्या आहेत, पण तिथे राहणारे इटालियन फार उरलेले नाहीत. पन्नासच्या दशकात कार्लटनमधली जुनी जोडघरं स्वस्त होती, म्हणून ते तिथे राहिले. हातात पैसे आले तसे सत्तरच्या दशकापासून ते उत्तरेकडे सरकले: कोबर्ग, रेझर्व्हॉर, थॉमसटाउन, लेलॉर. अंगण हवं होतं, अंजिराचं झाड हवं होतं, उन्हाळ्यात टोमॅटोचा वर्षभराचा रस बाटल्यांत भरायला मागचं गॅरेज हवं होतं. गिरगावची चाळ सोडून डोंबिवली-विरार गाठलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सण करायला माणसं जुन्या वस्तीत येतात आणि रात्री घरी परततात.

त्यामुळे राइड लायगन स्ट्रीटवर सुरू होऊन तिथल्याच कॅफेत संपली, तर तो उपाहारगृहांचा उत्सव झाला. त्यातही वाईट काही नाही, पण स्थलांतराचं नाव कशाला घ्यायचं? माझ्या मते अशी राइड खरी ठरते ती दोन गोष्टींवर: रस्ता माणसं जिथे गेली तिथे जातो का, आणि पैसा आज ज्यांना गरज आहे त्यांच्याकडे जातो का.

गरज कुणाला आहे? 2021 च्या जनगणनेत इटालियन वंश सांगणारे 11 लाखांहून जास्त लोक होते, पण प्रत्यक्ष इटलीत जन्मलेले सुमारे 1 लाख 63 हजारच, आणि त्यातले बहुतेक म्हातारे. यातल्या अनेकांचं शिक्षण गावच्या शाळेत दोन-चार इयत्ता. इंग्रजी कारखान्यात शिकलेली. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाला की नंतर शिकलेली भाषा आधी गळते. उरते ती लहानपणची, आणि तीही कित्येकदा प्रमाण इटालियन नाही, कालाब्रियाची किंवा व्हेनेतोची बोली. वृद्धाश्रमातल्या परिचारिकेला आजी काय मागतेय हे कळत नाही, कधी कधी नातवालाही नाही. मेलबर्नमधली को.आस.इत. ही 1968 ची संस्था वृद्धांची सेवा आणि इटालियन भाषेचे वर्ग ही दोन्ही कामं करते. कार्लटनच्या फॅरेडे स्ट्रीटवरचं म्युझिओ इटालियानो हे छोटं संग्रहालयही तिचंच. घरी जाऊन मदत करणारा माणूस त्याच भाषेतला मिळणं ही इथे चैन नाही. पाचशे सायकलस्वारांचे 70,000 डॉलर कुठे लागावेत याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

इथल्या मराठी लोकांना यात परकं काही वाटू नये. तीस वर्षांनी आपल्याच आया-बापांच्या बाबतीत हा प्रश्न येणार आहे.

आणखी एक धागा जाता जाता. ह्यूबर्ट ऑपरमन हा ऑस्ट्रेलियाचा त्या काळातला सर्वांत मोठा सायकलपटू. 1928 आणि 1931 ची टूर द फ्रान्स तो धावला, 1931 मध्येच पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही जवळजवळ 1,200 किलोमीटरची शर्यत जिंकला. नंतर खासदार झाला, आणि 1963 ते 1966 ऑस्ट्रेलियाचा स्थलांतर मंत्री होता. मार्च 1966 मध्ये युरोपीय नसलेल्या पात्रताधारकांना येण्याची वाट रुंद करणारा निर्णय संसदेत जाहीर केला तो यानेच. नागरिकत्वासाठी त्यांना 15 वर्षं थांबावं लागायचं, ते 5 वर्षांवर आलं. गोऱ्यांपुरतं ऑस्ट्रेलिया हे धोरण पूर्ण संपलं ते 1973 मध्ये, पण दाराला पहिली मोठी फट या सायकलवाल्याच्या हातून पडली. आज मेलबर्नमध्ये गणपती बसवणाऱ्या मराठी घरांचा रस्ता त्याच फटीतून आलेला आहे. ऑपरमन 1996 मध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी, व्यायामाच्या सायकलवर असतानाच गेला. बोर्सारीही त्याच वर्षी गेला.

रस्ता प्रत्यक्षात

रस्ते बंद न करता अशी राइड काढायची तर मेलबर्नचा हा भाग सोयीचा आहे. बोर्सारीच्या कोपऱ्यावर जमायचं. दोन मिनिटांवर आर्गाइल चौकाजवळ पियाझ्झा इतालिया आहे. मिलान हे मेलबर्नचं भगिनी-शहर, त्या नात्यातून झालेला हा चौक, जमिनीवरच भलंमोठं सूर्यघड्याळ. तिथून कॅनिंग स्ट्रीट धरायची. मध्ये झाडांची पट्टी, गाड्या कमी, रोज सकाळी सायकलवाल्यांची रीघ. पुढे कॅपिटल सिटी ट्रेल, जिथून पूर्वी आगगाडी जायची, आणि मग अपफील्ड रेल्वेमार्गालगतची सायकलवाट पकडून ब्रन्सविक, कोबर्ग. ब्रन्सविकला सिडनी रोडवर मेडिटरेनियन होलसेलर्स हे इटालियन वाणसामानाचं मोठं दुकान लागतं. थांबा द्यायचा तर इथे. दुकानातली मांडणी बघितली तरी कळतं की हे पर्यटकांसाठी नाही: पाच-पाच किलोची पीठं, टोमॅटो गाळायची यंत्रं, बाटल्यांची झाकणं. परत येताना मेरी क्रीकच्या काठाची वाट. एकूण 25 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गिअरवाली महागडी सायकल नसली तरी चालतं.

धोका एकच, पण खरा: ट्रामचे रूळ. सिडनी रोड असो की एल्गिन स्ट्रीटच्या पुढची लायगन स्ट्रीट, रुळाची खाच सायकलच्या टायरएवढीच रुंद असते. रुळाला समांतर जाताना चाक आत गेलं की हँडल वळत नाही आणि माणूस सरळ आडवा होतो. रूळ ओलांडायचा तो शक्य तितका काटकोनात, वेग कमी करून, वळता वळता ब्रेक न दाबता. पाऊस पडून गेला असेल तर ओलं लोखंड साबणासारखं निसटतं, तेव्हा सरळ उतरून सायकल हातात धरून पलीकडे न्यावी. थांबलेल्या ट्रामची दारं उघडी असतील तर तिच्या शेजारून जायचं नाही, थांबायचं. राइड असली तरी सिग्नल पाळायचेच, त्यामुळे पाचशेंचा घोळका पहिल्या दोन चौकांतच वीस-पंचवीसच्या गटांत फुटतो. तो फुटावा यासाठीच स्वारांना पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडतात.

हेल्मेटशिवाय सुरुवातीच्या रेषेवर कुणी उभंसुद्धा करत नाही. जगात सगळ्यात आधी, जुलै 1990 मध्ये, सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं ते व्हिक्टोरियानेच. आणि मित्रांकडून वर्गणी मागणार असाल तर जून महिना साधा. ऑस्ट्रेलियाचं आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं, त्यामुळे करसवलतीची पावती लगेच हाती पडत असेल तर हात सैल सुटतो. राइड ऑक्टोबरात असली तरी देणगी-पान आधीच उघडता येतं का, हे आयोजकांना विचारायला हरकत नाही.